टोकाचं पद

बैठकीच्या भिंतीवर फळा टांगायला दुसरी जागाच नव्हती. शेवटी सिंधूकाकूंनी सरांचा सत्काराचा फोटो उतरवला आणि त्याच खिळ्याला मी फळ्याची दोरी अडकवली. फळा जरा डावीकडे कलला. काकूंनी दारात उभं राहून पाहिलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "समितीच येणार आहे, व्याही नाही."

त्या असं म्हणाल्या खऱ्या, पण सकाळपासून त्यांनी सरांचे केस दोनदा विंचरले होते. खुर्चीच्या हातावर नवा नॅपकिन टाकला होता. एप्रिलचा महिना होता. नागपूरचं ऊन सकाळीच अंगणात पसरलं होतं आणि खिडकीतला कूलर घरघरत होता. देवपुजारी सर आरामखुर्चीत बसून फळ्याकडे बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा तरी ठेवून दिल्यासारखा पडला होता.

"सर, दिसतोय ना फळा?" मी विचारलं.

"नाही," सर म्हणाले आणि मान डोलावली. म्हणजे दिसत होता.

दिवाळीच्या सुटीत त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मागे एवढा एकच शब्द राहिला. चहा हवा का, नाही. झोप लागली का, नाही. मुलाचं पत्र आलंय, नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत. हाताला लागतो तो एकच. भेटायला येणारे लोक सुरुवातीला फार गोंधळायचे. नंतर ते यायचेच थांबले. मी मात्र आठवड्यातून तीन-चारदा जात होते, कारण मी त्यांची विद्यार्थिनी होते आणि माझा प्रबंध अर्धवट होता.

मी मूर्तिजापूरची. एम.एस्सी. करून पीएच.डी.ला त्यांच्याकडे आले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "वैराळे, बाराला किती संख्यांनी भाग जातो?"

"सहा."

"तेराला?"

"दोन."

"चौदाला?"

"चार."

"काही शिस्त दिसते?"

"नाही सर."

"नाहीच दिसणार. आता एकापासून सुरुवात कर आणि भाजकांची संख्या मिळवत मिळवत चल. ती चालू बेरीज बघ. एकेकटा आकडा उड्या मारतो, पण बेरीज ठरलेल्या वाटेनं जाते. थोडी वरखाली होते, पण वाट सोडत नाही."

मग त्यांनी खंडशः बेरजेचं सूत्र मांडलं. संख्यासिद्धांतात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात सगळ्यात आधी देतात ते हत्यार. समजा त्या उड्या मारणाऱ्या आकड्यांना वजन द्यायचं आहे, पुढच्याला कमी, त्याच्या पुढच्याला आणखी कमी. सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. चालू बेरीज हाताशी आहे. आपण जिथे थांबलो तिथली बेरीज आणि तिथलं वजन यांचा गुणाकार घ्यायचा, आणि वाटेत वजन उतरत गेलं त्याचा हिशेब त्यात मिळवायचा. सर त्याला म्हणायचे, "एक टोकाचं पद, एक वाटेचं इंटिग्रल. दोघांशी वेगवेगळं वागायचं."

माझा प्रबंध त्या वरखाली होण्यावरच होता. चालू बेरीज ठरलेल्या वाटेच्या कधी वर जाते, कधी खाली, आणि सरासरी काढली तर ही वरखाली बरीचशी मिटून जाते. ती किती मिटते ते मी दाखवलं होतं. आधीची प्रकरणं सरांनी लाल पेनानं रंगवून परत दिली होती. शेवटचं, मुख्य प्रमेयाचं प्रकरण मी त्यांच्या आजारपणात लिहिलं. ते मी त्यांना वाचून दाखवायचे, पण सूत्रं कानांनी कुठे कळतात? त्यांचे डोळे मिटायचे. मी थांबायचे आणि दुसरं काही बोलायचे.

फेब्रुवारीत विभागप्रमुख मुळावकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"तुमचं काम झालंय म्हणता," ते म्हणाले. "पण मार्गदर्शकानं तपासलं असं प्रमाणपत्र लागतं. देवपुजारी सर ते देऊ शकत नाहीत. मी मार्गदर्शक म्हणून नाव लावतो. महिन्याभरात प्रबंध जाईल."

"पण सरांना सगळं समजतं."

"वैराळे, मीसुद्धा त्यांचाच विद्यार्थी आहे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी दोनदा जाऊन आलो. मी बोलत होतो आणि ते नाही नाही म्हणत होते. दुसऱ्यांदा निघताना मला स्कूटर सुरू करता येईना. मला काय हौस आहे का?"

हे बोलणं मी काकूंना सांगितलं, तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुझं भलं होत असेल तर तू त्यांचं ऐक," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तू यायची असलीस की हे दाढी करून घेतात. एरवी त्या न्हाव्याला हात लावू देत नाहीत. एवढं आपलं सांगून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी मी मुळावकर सरांकडे गेले आणि म्हणाले की नाव बदलायच्या आधी एकदा घरी येऊन बघा. फळ्यावर गणित मांडून बघा. ते तयार झाले. नियमाप्रमाणे दुसऱ्या विभागाचं कुणी तरी हवं म्हणून त्यांनी संख्याशास्त्राच्या खंते मॅडमना बरोबर घेतलं.

ती दोघं आली तेव्हा काकूंनी पन्हं दिलं. खंते मॅडम उंच, कमी बोलणाऱ्या, कामाला आल्या की कामाचंच बघणाऱ्या. त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला आणि भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या. मुळावकर सर मात्र अवघडल्यासारखे उभेच राहिले.

"सर, ओळखलं ना?" ते म्हणाले.

"नाही," सर म्हणाले आणि डाव्या हातानं त्यांचा हात धरला.

मी सगळं ठरवून ठेवलं होतं. फळ्यावर मुद्दाम एक चुकीचं समीकरण लिहायचं, मग एक बरोबर, आणि सरांचा चेहरा त्यांना दाखवायचा. मी चुकीचं लिहिलं. सर म्हणाले, "नाही." मी बरोबर लिहिलं.

"नाही," सर म्हणाले.

मला त्या दोन शब्दांतला फरक स्वच्छ ऐकू आला. पहिला तोडून टाकल्यासारखा होता, दुसरा सैल, मानेबरोबर खाली येणारा. पण मलाच. खंते मॅडमनी मुळावकर सरांकडे पाहिलं.

"मिस वैराळे, तुम्हाला जे कळतं ते आम्हाला कळायला हवं ना?" त्या म्हणाल्या. आवाजात कडवटपणा नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "दोन्ही वेळा त्यांनी एकच उत्तर दिलं. अहवालात मी लिहिणार काय?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर हनुवटीशी घट्ट धरला होता. मी आणखी एक उदाहरण लिहायला गेले. मुळावकर सरांनी हातानंच मला थांबवलं.

"राहू द्या. आता आलोच आहोत तर तुमचं मुख्य प्रमेय मांडा. मला सही करायची तर एकदा फळ्यावर बघू द्या."

म्हणजे मार्गदर्शक बदलायचं त्यांचं ठरलं होतं. मी फळा पुसला आणि लिहायला लागले. ते प्रमेय मला झोपेतही येत होतं. हे आकडे, ही चालू बेरीज, हे वजन. मग खंडशः बेरीज. सूत्राचे दोन तुकडे झाले. वाटेच्या इंटिग्रलमध्ये ती वरखाली सरासरीनं मिटते, म्हणून तो तुकडा लहान. टोकाचं पदही त्याच अंदाजानं लहान. म्हणून अंदाजात उरलेली तफावत एवढी, आजवर माहीत असलेल्या तफावतीपेक्षा कितीतरी कमी.

"नाही," मागून सर म्हणाले.

मी लिहीत राहिले.

"नाही." या वेळी आवाज मोठा होता.

"पाणी हवं का?" काकू पुढे आल्या. "खुर्ची सरकवू? झोत लागून राहिला का कूलरचा?" त्यांनी कूलर बंद केला. खोली एकदम शांत झाली. सरांनी डाव्या हातानं खुर्चीच्या लाकडावर थाप मारली.

"नाही."

"चालू द्या तुमचं," खंते मॅडम हळूच म्हणाल्या. "दमले असतील ते. लवकर आटपू या."

मुळावकर सर फळ्याजवळ आले होते. त्यांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "छान काम आहे, वैराळे."

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, फळ्याकडे बघत होते. माझे कागद लाल पेनानं रंगवताना त्यांचे डोळे असेच बारीक व्हायचे. मी फळ्याच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर, ही?"

सर गप्प.

"ही?"

गप्प. मी एकेक ओळ खाली येत गेले. इंटिग्रलच्या अंदाजावर बोट ठेवलं. त्या ओळीसाठी मी वर्ष घातलं होतं. सर काही बोलले नाहीत. मी टोकाच्या पदावर बोट ठेवलं.

"नाही," सर म्हणाले.

मी तिथेच उभी राहिले. खडू हातात होता. टोकाचं पद लहान का? कारण वरखाली सरासरीनं मिटते. पण टोकाला सरासरी कुठली? इंटिग्रलमध्ये सगळी वाट येते, वरचं खालच्याला खाऊन टाकतं. टोक म्हणजे एकच जागा. तिथे बेरीज वाटेपासून लांब गेलेली असेल तर असेल, तिला मिटवायला शेजारी कुणी नाही. वाटेचा अंदाज मी टोकाला लावून टाकला होता. एवढ्या महिन्यांत मला ते दिसलं नव्हतं, आणि आताही या खोलीत सरांशिवाय कुणाला दिसलं नव्हतं.

प्रमेय माझ्या डोळ्यांसमोर कोसळलं. मी गप्प राहिले असते तर महिन्याभरात प्रबंध गेला असता. हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट कळत होतं, आणि तळहातात खडूचा चुरा झाला होता.

"सर बरोबर सांगतायत," मी म्हणाले. "ही ओळ चुकली आहे."

मुळावकर सर फळ्याकडे वळले. "कशी काय?"

मी सांगायला लागले. अर्ध्यातच खंते मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"थांबा. तुमचा अंदाज सरासरीचा आहे," त्या म्हणाल्या. "आणि तो तुम्ही एका निरीक्षणाला लावलाय."

"हो."

"सरासरी चांगली आली म्हणून एकेक निरीक्षण चांगलं येत नाही. आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच सांगतो." मग त्या सरांकडे वळल्या. "सर, मला हे दिसलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी समोर बसले होते तरी."

मुळावकर सरांना वेळ लागला. त्यांनी खडू घेतला, कोपऱ्यात काही लिहून पाहिलं, पुसलं. मग ते सरांच्या खुर्चीशेजारी वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले, अगदी विद्यार्थ्यासारखे.

"मी सही केली असती," ते म्हणाले. "बाहेरच्या परीक्षकानं हे पकडलं असतं. नाही तर कुणीच पकडलं नसतं, आणि तेही वाईटच झालं असतं." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "मार्गदर्शक बदलायचं मला काही कारण दिसत नाही. मॅडम, तुम्हाला?"

"मलाही नाही," खंते मॅडम म्हणाल्या.

काकू आत निघून गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग नळाचा.

पाहुणे गेल्यावर मी फळ्याखाली जमिनीवर बसले आणि रडले. जे हवं होतं ते झालं होतं, आणि हातात काही उरलं नव्हतं. सरांनी डावा हात पुढे केला. मला वाटलं, ते डोक्यावर हात ठेवतायत. पण ते खडू मागत होते. मी खुर्ची फळ्यापाशी सरकवली. त्यांनी डाव्या हातानं, लहान मूल काढतं तशी, एक आडवी रेघ काढली. रेघेच्या शेवटी मी जिथे बेरीज तोडली होती तिथे वरून खाली एक तिरपी उतरण काढली. जमिनीपर्यंत. मग माझ्याकडे बघितलं.

"मला कळलं नाही, सर."

"नाही," ते म्हणाले, त्यांनी खडू ठेवला आणि डोळे मिटले. ते खरंच दमले होते.

मी मूर्तिजापूरला गेले. बाबा शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. मी त्यांना म्हणाले, प्रबंध बुडाला. त्यांनी विचारलं, सगळा? मी म्हणाले, शेवट बुडाला. "मग नुसता शेवटच बुडाला की," ते म्हणाले आणि मुलांचे कागद तपासू लागले. मी दुपारभर उताणी पडून होते. संध्याकाळी अंगणात आईनं पाणी मारलं, ते उतारावरून ओघळत गेटपाशी जाऊन जिरलं, आणि मी बघतच राहिले.

वजन. ती रेघ वजनाची होती. मी बेरीज एका जागी तोडून टाकत होते, तिथे वजन शिल्लक असताना. म्हणून टोकाचं पद तयार होत होतं. सर म्हणत होते, तोडू नकोस. वजन हळूहळू शून्यापर्यंत उतरव. टोकाला वजनच शून्य असेल तर तिथे बेरीज कितीही वरखाली असो, गुणाकार शून्य. उरतं फक्त वाटेचं इंटिग्रल, आणि ते तर माझ्या ताब्यात होतं. प्रमेय वेगळं झालं असतं, पहिल्याइतकं दिमाखदार राहिलं नसतं, पण ते खरं असतं. अशा गुळगुळीत बेरजा जाणकार नेहमीच वापरतात. मला माझ्या घाईत तेवढं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं मी नागपूरला आले. सरांनी दार उघडलं. म्हणजे काकू मागे होत्या, पण कडी सरांनी काढली होती. बैठकीत पाटी होती आणि पाटीवर वाकडीतिकडी अक्षरं. क, ख, आणि पुढे ग्रीक अक्षरं.

"तुझी समिती गेली ना, त्या दिवसापासून," काकू म्हणाल्या. "डॉक्टर किती महिने सांगून राहिले होते, डाव्या हातानं लिहायचा सराव करा म्हणून. पेन फेकून द्यायचे. आता सकाळी उठले की पाटी."

काम संपायला आणखी बराच काळ गेला. सर पाटीवर एखादं चिन्ह लिहायचे, मी त्याचा अर्थ लावायचे, कधी भलताच लावायचे आणि मग थाप पडायची. कधी कधी आम्ही दोघंही चिडायचो. एकदा मी चप्पल घालून निघूनही गेले होते, आणि कोपऱ्यावरून परत आले. मुळावकर सर अधूनमधून यायचे. मोढ्यावर बसायचे आणि निघताना त्यांची स्कूटर पहिल्या किकला सुरू व्हायची.

मौखिक परीक्षेच्या दिवशी सर सायकलरिक्षातून विभागात आले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. जिन्यावर मुळावकर सर आणि शिपाई दोन्ही बाजूंनी होते. बाहेरचे परीक्षक चेन्नईहून आलेले वयस्क गृहस्थ होते. त्यांनी मला तासभर पिळून काढलं आणि शेवटी, रीत म्हणून, इंग्रजीत विचारलं की मार्गदर्शकांना काही विचारायचं आहे का.

मार्गदर्शक सहसा नाही म्हणतात. सर काठी टेकत उठले आणि फळ्यापाशी गेले. त्यांनी डाव्या हातानं माझ्या प्रमेयातला अंदाज लिहिला, सावकाश, एकेक अक्षर जुळवत. मग वजन उतरण्याऐवजी स्वतःच वरखाली होणारं घेतलं, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मी फळ्याकडे पाहिलं. परीक्षकांनी पाहिलं. तो सोपा प्रश्न नव्हता. विद्यार्थिनीला धीर द्यायला विचारलेला तर मुळीच नव्हता.

"सर, मला येत नाही," मी म्हणाले.

परीक्षक हसले. "मलाही येत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी तो प्रश्न स्वतःच्या कागदावर उतरवून घेतला.

मला पदवी मिळाली. अकोल्याच्या कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. सर त्यानंतर चार-पाच वर्षं होते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर, तेही अर्धंच, मला सापडायला याहून बराच जास्त वेळ लागला. ते छापून आलं तेव्हा मी नागपूरला काकूंकडे गेले. त्या आता एकट्याच राहत होत्या, ऐकायलाही कमी येत होतं. मी म्हणाले, सरांनी परीक्षेत विचारलेलं आता थोडंसं सुटलंय, तेवढं सांगायला आले.

"मग सांग ना," काकू म्हणाल्या आणि मोढा ओढून माझ्यासमोर बसल्या.

"काकू, ते गणित आहे."

"माहीत आहे मला. कळेल न कळेल. या घरात कुणी गणित बोलल्याला फार दिवस झाले." त्यांनी कान माझ्याकडे केला. "पहिल्यापासून सांग. जरा मोठ्यानं."

मी बाराच्या भाजकांपासून सुरुवात केली.